पायाला काय झालं, काका?

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी नर्स व्हायला लागलो. वाक्य लिहायला सोपं गेलं. मोठ्याने म्हणायचं तर अजून जीभ वळत नाही.

सातिवलीची आमची कंपनी गुजरातला गेली, तिच्याबरोबर लॅबही गेली, आणि रंगाचा दाटपणा मोजणारा मी, सुमेध, वय एकोणतीस, बी.एस्सी. केमिस्ट्री, उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये आईसमोर बसून राहिलो. या कोर्सची जाहिरात नेत्राने पाठवली. ती त्याच कंपनीत अकाउंट्सला होती, आता तिथल्याच एका गोडाउनच्या ऑफिसात आहे. आमचं दोन वर्षांचं आहे आणि घरी माहीत आहे. ट्रस्टचं हॉस्पिटल, विज्ञानाच्या पदवीधरांसाठी नर्सिंगचा जलद कोर्स. बाकीचे तीन वर्षांत शिकतात ते आम्ही चौदा महिन्यांत शिकायचं, पुढे तिथेच नोकरी. नेत्रा म्हणाली, "तुझा हात स्थिर आहे, डोकं शांत आहे, अजून काय लागतं?" हात स्थिर आहे हे खरं.

वर्गात बावीस मुली आणि आम्ही दोन पुरुष. दुसरा विरारचा भूपेश, सहा फुटी, कॉलेजात कबड्डी खेळायचा. शिकवायला सिस्टर क्लेमेंटीन. वय साठीचं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस उठून बसावा. पहिलाच प्रश्न त्यांनी टाकला, पेशंटला हात लावायच्या आधी काय करायचं? कुणी म्हणालं हात धुवायचे, कुणी म्हणालं ग्लव्हज.

"ते नंतर रे बाबा. आधी आपलं नाव सांगायचं. माझं नाव हे, मी आता हे करणार. माणूस उघडा होऊन पडलेला असतो. आपल्या अंगाला कोण हात लावतंय ते त्याला कळायला नको?"

मग दुपारभर पलंगाला चादर घालणं. माझी चादर त्यांनी चार वेळा उपसली. भूपेशची पहिल्याच फटक्यात पास झाली, त्याला बहिणी चार आहेत.

घरी आलो तर आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "हॉस्पिटल मॅनेजमेंट करतोय." मी चपला काढून आत गेलो.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवड्याभरात हाडं संपली, स्नायू संपले, उद्या रक्ताभिसरण. "हळू शिकायचं असतं तर दुसऱ्या कोर्सला जायचं होतं," म्हणाल्या सिस्टर. मोसंब्यांना इंजेक्शनं देतोय. भोकं पडलेली मोसंबी आई फेकू देत नाही, रस काढते.

तिला विचारलं, मॅनेजमेंट का सांगतेस? म्हणाली, "नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाईच येते रे. लग्न ठरेपर्यंत राहू दे." नेत्राच्या घरी पुढच्या रविवारी जायचंय. मी राहू दिलं. वाद घालायला वेळ कुठे आहे, उद्या हृदयाचे चार कप्पे पाठ हवेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांडोरला, नेत्राच्या घरी जाऊन आलो. सगळं छान झालं आणि मला मुळीच छान वाटत नाहीये.

नेत्राचे बाबा दिवाकर चुरी. किडकिडीत, उन्हात वाळलेले, बोलताना समोरच्याकडे टक लावून बघतात. नेत्राच्या आईने, द्वारकाकाकूंनी, केळफुलाची भाजी केली होती, आईने दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर काकांनी मला वाडी दाखवली. केळी, मध्ये पानवेल, बांधाला अळू. घड जड झाले की बांबूचा टेकू कसा लावायचा ते दाखवलं. उमेळ्याच्या आमच्या बिल्डिंगच्या जागी पूर्वी त्यांच्या मावशीची वाडी होती म्हणे. रागाने म्हणाले नाहीत, पत्ता सांगावा तसं म्हणाले.

ओटीवर बसल्यावर आईने आपलं मॅनेजमेंट काढलं. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे रोग्यांना हातबीत लावावा लागत नाही ना तुला?"

आणि मी म्हटलं, "नाही नाही काका, ऑफिसचं काम."

आईने खोटं सांगितलं होतं ते एक वेळ चाललं असतं. हे माझ्या तोंडून गेलं. कशाला गेलं? ते काही नाक मुरडून विचारत नव्हते. कदाचित हो ऐकायला आवडलं असतं त्यांना. नेत्रा चहाचे कप उचलत होती. ती क्षणभर थांबली, मग आत गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नेत्राचा फोन. भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबांना तू सांगायचंस, सुमेध. मी नाही, तुझी आई नाही. पौष संपला की साखरपुडा म्हणतायत. त्याच्या आत सांग."

"ते काय म्हणतील?"

"ते काय म्हणतील याचं टेन्शन तू नको घेऊ. तू सांग फक्त."

पौष संपायला दोन महिने आहेत. भरपूर वेळ आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा माणसाला स्पंज केला. पालघरकडचे एक आजोबा, अर्धांग झालेले. "आजोबा, मी सुमेध, शिकाऊ ब्रदर, तुमचं अंग पुसून देतो," म्हटलं. आधी तोंड, मग हात, बगला, पाठ. पुसलं तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. मध्येच त्यांना शौचाला झालं. मला वाटलं होतं मी पळून जाईन. नाही पळालो. साफ केलं, कूस बदलली, कोरडी चादर घातली. त्यांनी चांगल्या हाताने माझा दंड थोपटला.

लॅबमध्ये सहा वर्षं काढली, पण कुठल्याही रंगाच्या डब्याने असा दंड थोपटला नव्हता. मला हे काम आवडतं. इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर कुणाला सांगणार?

१४ डिसेंबर, रविवार

औषधांची परीक्षा झाली. बेचाळीस मार्क, पन्नासपैकी. भूपेश नापास, उद्या पुन्हा देणार. मुलींपैकी तिघी कोर्स सोडून गेल्या. एकीचं बाळ लहान आहे, एकीला रक्त बघवत नाही, तिसरीने कारण सांगितलं नाही. सिस्टर म्हणाल्या, दर वर्षी नाताळच्या आधी अशीच गळती लागते.

आज सांडोरला जाऊन काकांना सांगणार होतो. परीक्षेचं निमित्त झालं. नेत्राला पुढच्या रविवारचा शब्द दिला. ती नुसतं "बरं" म्हणाली.

२२ डिसेंबर, सोमवार

कालही गेलो नाही. आई म्हणाली पाहुणे येणार आहेत. पाहुणे दुपारीच गेले, जाता आलं असतं.

आज माझी ड्यूटी पुरुषांच्या सेप्टिक वॉर्डात लागली. जखमा चिघळलेल्यांचा वॉर्ड, म्हणून तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगावर प्लास्टिकचा एप्रन, आणि नातेवाइकांना फक्त चार ते सहा. अकरा वाजता खिडकीजवळच्या पलंगावर नवा पेशंट आला. तोंडावरून चादर खाली केली, तर दिवाकरकाका.

माझी पाचावर धारण बसली. तळपायात बांबूचा तुकडा घुसला होता, म्हणे, तो काढून टाकला आणि आठवडाभर तसेच फिरले. शुगर आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी तळपायाला चीर देऊन पू काढला. रोज ड्रेसिंग, दहा दिवस तरी राहावं लागेल.

सिस्टर क्लेमेंटीन म्हणाल्या, "खिडकीचा पेशंट तुझा."

एप्रनखाली नावाचा बिल्ला झाकलेला होता. मी पट्टी सोडली, सलाइनने गॉज भिजवलं, हळूच सुटं केलं. नाव सांगितलं नाही. काका छताकडे बघत पडले होते. काहीतरी बोलायचं म्हणून आवाज जरा जाड करून म्हटलं, "वाडीत चप्पल घालून फिरायचं, काका." वॉर्डात सगळे काकाच असतात, त्यामुळे ते खपलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाले, "घालेन हो."

नेत्राचा मेसेज आला होता. बाबांना तुझ्या हॉस्पिटलात आणलंय, कुठे आहेस? मी लिहिलं, ऑपरेशन थिएटरला पोस्टिंग आहे, महिनाभर बाहेर पडता येत नाही, फोनही आत नेता येत नाही. तीन वाक्यं आणि तिन्ही खोटी. पाठवल्यावर पुसून टाकायला गेलो, तोवर तिने वाचली होती. 'ओके, काळजी घे' आलं.

२४ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस निभावलं. पावणेचार झाले की मी चादरींच्या खोलीत जातो. नेत्रा आणि द्वारकाकाकू येतात, बापलेक आपल्या वाडवळी बोलीत बोलतात, भिंतीतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मी चादरींच्या घड्या घालत बसतो. हॉस्पिटलात एवढ्या नीट घड्या कधी झाल्या नसतील.

काकांचं अंग पुसतो, नखं कापतो, शुगर तपासतो. त्यांनी एकदाही कटकट केली नाही. आज विचारलं, "तुम्हा लोकांना घरी जायला उशीर होत असेल, नाही? उमेळ्यापर्यंत जायचं म्हणजे रिक्षाही मिळत नाही वेळेवर."

मी म्हटलं, "मिळते काका." नंतर विचार केला, उमेळं त्यांना कुणी सांगितलं? भूपेश बडबड्या आहे, त्यानेच सांगितलं असणार. उद्या त्याला दम देतो.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. अर्ध्या मुली सुट्टीवर, मी डबल ड्यूटी मागून घेतली. सिस्टर क्लेमेंटीन चर्चमधली पहाटेची मिसा आटोपून थेट वॉर्डात आल्या, सगळ्यांना केक वाटला. शुगरवाल्यांना नुसता वास. काका म्हणाले, "वासाने शुगर वाढत नाही ना?" वॉर्ड हसला.

ड्रेसिंग करताना सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. जखम बघितली, माझे हात बघितले. म्हणाल्या, छान. मग विचारलं, "नाव सांगितलंस ना पेशंटला?"

मी हो म्हटलं. काकांच्या समोर हो म्हटलं. ते काहीतरी म्हणतील असं वाटलं, पण ते केकच्या बशीकडे बघत होते. "सांगितलंय हो, सिस्टर," ते म्हणाले, "मला माहीत आहे त्याचं नाव."

भला माणूस. शिकाऊ पोराला ओरडा बसू नये म्हणून खोटं बोलले. जीव भांड्यात पडला.

२८ डिसेंबर, रविवार

जखमेला लाल दाणे धरले आहेत, म्हणजे भरायला लागली. काका आता बोलतात पुष्कळ. आज पाठ पुसत होतो तेव्हा म्हणाले,

"माझ्या मुलीचं जमलंय एका मुलाशी. मुलगा बरा वाटतो. जरा बुजरा आहे."

मी "हं" म्हटलं.

"हॉस्पिटलातच असतो, ऑफिसात. मी त्याला उगाच विचारलं, रोग्यांना हात लावतोस का. पोराचा चेहरा असा पडला! मला वाटलं आपण चुकीचं विचारलं. माझ्या आईला शेवटी दोन वर्षं मीच उचलायचो, पुसायचो. हात लावणारी माणसं मला कळतात. आता वाटतं, त्याला सांगायला हवं होतं ते."

मी म्हटलं, "कूस बदला, काका."

त्यांनी बदलली. भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "तुला काय वाटतं? असा मुलगा कधी बोलेल का आपणहून?"

"बोलेल की," मी म्हटलं. पाठ पुसून झाली होती, तरी मी पुन्हा एकदा पुसली.

म्हणजे काकांच्या मनात काहीच किंतू नाही! आता सांगायला काय हरकत आहे. पण इथे, या अवस्थेत, मास्क काढून? सात दिवस मीच पुसतोय हे कळलं तर त्यांना किती अवघडल्यासारखं होईल. घरी गेले की जाऊन नीट सांगतो. हे बरं.

३१ डिसेंबर, बुधवार

काकांना डिस्चार्ज. त्यांना नेताना नेत्रा वॉर्डाच्या दाराशी येणार, म्हणून मी व्हीलचेअर भूपेशकडे दिली. निघण्याआधी काकांनी मला बोलावलं.

"काही सांगायचं राहिलं का रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पाय ओला होऊ द्यायचा नाही. शुगरची गोळी जेवणाआधी. लाली वाढली, ताप आला, तर लगेच यायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. सुटलो. वर्ष संपलं, सुटलो. मग संध्याकाळभर असं का वाटतंय की मी काहीतरी पलंगावरच विसरून आलो?

४ जानेवारी, रविवार

आईने घोळ घातला, असं लिहिणार होतो. आईने नाही. मीच.

आई म्हणाली, व्याही आजारातून उठलेत, बघायला जायला हवं. सफरचंदं घेऊन गेलो. वाटेत मी ठरवलं होतं, आत शिरल्या शिरल्या सांगायचं. काका ओटीवर आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, मी दहा दिवस रोज बांधत होतो तशीच पट्टी. सगळे बसले. आईने माझ्याकडे बघितलं, म्हणजे तू विचार. आणि माझ्या तोंडून निघालं,

"पायाला काय झालं, काका?"

काकांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बांबू, पू, ऑपरेशन. मी "अरे बापरे" म्हणत होतो. मग म्हणाले, "एक ब्रदर होता तिथे. काय हात त्याचा! गॉज काढलेलं कळायचं नाही. आईने लेकराचं करावं तसं केलं माझं. फक्त एक, बिचारा मुका असावा."

"मुका?" द्वारकाकाकू म्हणाल्या. "मुक्याला ठेवतात होय?"

"बोलायचा तसा. कामापुरतं."

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. कुणीतरी कौतुक करत होतं. नेत्रा दाराला टेकून उभी होती. ती आधी बाबांकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे.

७ जानेवारी, बुधवार

सगळं संपलं.

नेत्राने सातिवलीला बोलावलं, त्यांच्या गोडाउनसमोरच्या चहावाल्याकडे. टेम्पो भरत होते, आवाज होता, ती त्या आवाजातच बोलली.

"बाबांनी तुला पहिल्या दिवशीच ओळखलं. तू म्हणालास, वाडीत चप्पल घाला. वाडीचं त्यांनी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. ते रोज वाट बघत होते तू बोलशील म्हणून. मला रविवारी सांगितलं, तुम्ही गेल्यावर, मी विचारल्यावर."

मी म्हटलं, "चिडलेत का?"

"बाबा? बाबा म्हणतात मुलगा सोन्यासारखा आहे, लाजतो, होईल सरळ. साखरपुडा करा म्हणतात. मी नाही म्हणतेय."

चहा आला, कुणी घेतला नाही.

"तू नर्स होतोयस याचं मला कधीच काही नव्हतं रे. मीच पाठवली होती ना जाहिरात? पण मी रोज यायचे तिथे. बाबांचा पाय जाईल की राहील कळत नव्हतं. मला वाटायचं सुमेध थिएटरमध्ये अडकलाय, नाहीतर धावत आला असता. तू कुठे असायचास?"

"चादरींच्या खोलीत," मी म्हटलं.

ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "भिंतीपलीकडे," ती म्हणाली. "मी पॅसेजमध्ये रडायचे, तर तू भिंतीपलीकडे."

मी माफी मागितली. पुन्हा मागितली. ती म्हणाली, माफ केलं, पण उद्या माझं काही दुखलं तर तू कुठल्या खोलीत असशील याचा विचार मी जन्मभर करत बसणार नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आईला सांगितलं. तिने आधी नेत्राला बोल लावले, मग चुरींना. जेवायच्या वेळी म्हणाली, "मी ते मॅनेजमेंट काढलं नसतं तर?" मी म्हटलं, तुझं काही नाही त्यात. खरंच नाही. तिने एकदा सांगितलं होतं, मी रोज सांगत होतो.

नोव्हेंबरात सोळाला वेळ होता, सतराला होता, डिसेंबरभर होता. पाठ पुसताना तर त्यांनी शब्द माझ्या तोंडात घालायचाच बाकी ठेवला होता, आणि मी म्हटलं कूस बदला.

१८ जानेवारी, रविवार

शुक्रवारी काकांचा फोन आला. मला वाटलं बोलणी खायची वेळ आली. म्हणाले, "ड्रेसिंगला तिकडे यायचं म्हणजे रिक्षात पाय दुखतो. तुला रविवारी जमेल का येऊन करायला? सिस्टरांना विचार हवं तर."

सिस्टर क्लेमेंटीनना विचारलं, आणि विचारताना सगळंच सांगून टाकलं. बिल्ला, चादरी, सगळं. त्यांनी हात पुढे करून माझा बिल्ला सरळ केला. मग म्हणाल्या, "मी तेव्हा एप्रन वर करून बघायला हवं होतं. जा. डॉक्टरांना मी सांगते. सामान घेऊन जा, आणि जखम मला फोनवर फोटो काढून दाखवत जा."

गेलो. नेत्रा घरी नव्हती, मुद्दाम असेल. ओटीवर खाली बसलो आणि म्हटलं, "काका, मी सुमेध. तुमचं ड्रेसिंग करतो." "कर," ते म्हणाले, जणू आत्ताच भेटलो. एवढं सोपं होतं ते. त्याच्यासाठी मी तिला घालवलं.

निघताना त्यांनी केळ्यांची फणी दिली. मी बाकी काही विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

तिसरा रविवार. जखम बोटाच्या पेराएवढी उरली आहे. आज नेत्रा घरात होती, आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आली नाही. काका मुद्दाम मोठ्याने बोलत होते, माझ्या परीक्षेत किती मार्क पडले, भूपेश पास झाला का. तो पास झाला, पहिल्या पाचात आला. द्वारकाकाकूंनी चहा दिला. मी कप धुऊन ठेवायला आत जावं असं काका दोनदा म्हणाले. पाहुण्याने कप धुवायचा? मी ओटीवरच ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

जखमेचं तोंड मिटलं. काकांना म्हटलं, आता बहुतेक पट्टीची गरज नाही. ते म्हणाले, आत ठणकतं, अजून एक रविवार ये. मधुमेहात नसांना त्रास होतो, ठणकत असेलही. फोटो पाठवल्यावर सिस्टरांनी उलट विचारलं, यात मी काय बघायचं? मी लिहिलं, पेशंटची तक्रार आहे. बांधून आलो.

उमेळ्याला परतताना लक्षात आलं की आठवडाभर मी याच एका दिवसाची वाट बघतो. आतल्या भांड्यांच्या आवाजाची. जखमा लवकर भराव्यात म्हणून शिकतोय, आणि ही एक भरू नये असं वाटतंय. लाज वाटली, तरी वाटायचं थांबलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज गरम पाण्याचं घमेलं नेत्राने आणलं. सातिवलीच्या चहावाल्याकडच्या भेटीनंतर पहिल्यांदा समोर आली. केस बांधलेले, जरा वाळली आहे. घमेलं ठेवून ती गेली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. काका फार खुशीत होते.

मी नाव सांगितलं, पट्टी सोडली. खाली गुलाबी, कोरडी, नवी कातडी. ती वाकून बघायला आली.

"बाबा, हे तर भरलंय की."

"वरून दिसतं तसं," काका म्हणाले. "आतून आहे अजून. त्याला विचार ना, त्याला कळतं."

ती माझ्याकडे वळली. एवढे दिवस जिच्यासाठी झुरलो ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "भरलंय का?"

तिच्या पाठीमागून काका मान हलवत होते. नाही म्हण, नाही म्हण. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ते ठणकणं कसलं होतं आणि कप धुवायला आत कशाला पाठवत होते. अजून नाही, एवढं म्हटलं की पुढचा रविवार मिळणार होता, त्याच्या पुढचाही. तिने आज घमेलं आणलं होतं, पुढच्या वेळी कदाचित चहा आणला असता. मी अंगठ्याने कडा दाबून बघितल्या. दाबायच्या आधीच काका "आई गं" म्हणाले.

"भरलंय," मी म्हटलं. "मागच्या रविवारीच भरलं होतं. मी उगाच बांधून गेलो. आता पट्टी नको, रोज खोबरेल लावायचं आणि पाय बघत जायचा. मी यायची गरज नाही."

नेत्राने मान हलवली. एक क्षण वाटलं ती काही बोलणार. "थँक्यू," ती म्हणाली, घमेलं उचललं, पाणी अळवाला ओतलं आणि मागच्या दाराने घरात गेली.

मी सामान भरायला लागलो. कात्री, चिमटा, उरलेलं गॉज. काकांनी माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "गाढवा, खरं बोलायला तुला आजचाच दिवस सापडला का रे?"